दानुताचं बंदर आणि आईचं

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती. घर दाखवताना एजंट तिला मोठ्या ऐटीत थर्ड बेडरूम म्हणाला होता, पण त्यात पलंग ठेवला की दार पुरतं उघडत नसे. आई तिला कोठीची खोली म्हणायची. पुण्याहून आणलेल्या बॅगा, बाबांचा जुना काँप्युटर, तांदळाची पोती आणि कधीतरी लागतील म्हणून जपून ठेवलेले रिकामे डबे असं सगळं तिथे होतं. बाबांचं मेडनहेडच्या कंपनीतलं काँट्रॅक्ट संपलं आणि पुढचं काही मिळेना, तेव्हा घरमालकाला विचारून ती खोली रिकामी करण्यात आली. बॅगा लॉफ्टमध्ये गेल्या, तांदूळ जिन्याखाली आला आणि एका रविवारी दुपारी पोलंडहून आलेली दानुता तिथे भाडेकरू म्हणून राहायला आली.

त्या वर्षांत आमच्या भागातली दुकानं बघता बघता बदलत होती. जिथे फक्त आपल्याकडच्या भाज्या आणि मिठाया मिळायच्या, तिथे शेजारच्याच काचेमागे काकडीच्या बरण्या आणि हातभर लांब सॉसेज दिसायला लागले होते. बसमध्ये पोलिश ऐकू यायचं. बाबांना त्याचा त्रास व्हायचा. ते तसे शांत स्वभावाचे, कोणाबद्दल वाईट बोलणारे नव्हते, पण त्यांचा व्हिसा संपत आला होता, नियम बदलत होते आणि आपण इतकी वर्षं इथे राबून रोज आपली लायकी सिद्ध करायची आणि ही माणसं व्हिसाशिवाय, एक बॅग घेऊन बसमधून उतरतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. नोकरी नसतानाही ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून काँप्युटरपुढे बसायचे. घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण एजन्सीचा फोन येईल. त्यामुळे त्या घराचे आवाज मला आजही वेगवेगळे आठवतात. हीथ्रोकडे उतरणारी विमानं छपरावरून जायची तेव्हा खिडकीची काच बारीक थरथरायची, रेडिएटर तापताना टकटक करायचा आणि खालच्या खोलीतून बाबांच्या कीबोर्डचा आवाज यायचा. तो मधेच थांबला की आई स्वयंपाकघरात पोळी लाटायची थांबायची.

दानुता तेव्हा चाळिशीच्या पुढची असेल. रुंद खांदे, आखूड कापलेले पिवळट केस आणि लालसर, खरखरीत हात. ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका फॅक्टरीत ती सँडविच भरायचं काम करायची. थंड हॉलमध्ये दिवसभर उभं राहून ब्रेडच्या एका कापावर काकडी ठेवायची, दुसरीने दुसरा काप ठेवायचा. घरी आली की मोजे काढून स्वयंपाकघराच्या रेडिएटरवर पाय टेकून बसायची. तिचं इंग्रजी तोडकं होतं आणि आईचंही. आई एका प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी होती, मुलांना जेवण वाढायची, त्यामुळे तिचं इंग्रजी मुलांना दटावण्यापुरतं चांगलं होतं. बाकीचं मी भाषांतर करायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि दोघींच्या मधे बसून बोलायला मला आवडायचं. तिला नुसतं नावाने हाक मारायची नाही, मावशी म्हणायचं, असं आईने पहिल्याच आठवड्यात बजावलं. मावशी म्हणजे काय, असं दानुताने विचारलं. आईची बहीण, असं मी सांगितलं. तिने आईकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

मग माशांचं प्रकरण झालं. बाबांच्या घरी मासे शिजत नसत. आई कोकणातली, पण लग्नानंतर तिनेही सोडले, एवढंच मला माहीत होतं. गणपतीला मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कोणी कोकणात कुठे म्हणून विचारलं की ती तालुक्याचं नाव सांगायची आणि विषय बदलायची. एका शनिवारी दानुताने बाजारातून मासे आणले आणि दार लावून तळायला घेतले. वास जिन्यावरून वर चढला. बाबा खाली आले, काही क्षण दारात उभे राहिले आणि फार सभ्यपणे म्हणाले की घरात नको, प्लीज. दानुताने लगेच गॅस बंद केला. तिचा चेहरा पडला होता. बाबा निघून गेल्यावर आईने लॉफ्टमधून पिकनिकची जुनी शेगडी काढायला लावली, ती मागच्या अंगणात, शेडच्या आडोशाला ठेवली आणि राहिलेले मासे घेऊन स्वतः विटेवर बसली. बांगडे होते. आईने सुरी मागितली, एकाचं डोकं धरलं, अंगठ्याने कल्ले ओढून काढले, पोट चिरलं आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा पाडल्या. हात कुठे थबकला नाही. एक झाला की दुसरा. मी तोंड उघडं टाकून बघत होते. आईने मासा हातात धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. दानुता शेजारी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "तू बंदरातली आहेस." आईने वर न बघता हो म्हटलं. तो हो मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून शनिवारी अंगणात मासे व्हायचे. हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावलेले आईचे, आणि नुसतं मीठ आणि पिठात घोळवलेले दानुताचे. थंडी वाढली तशा दोघी कोट घालून बसायला लागल्या. बाबा खिडकी बंद करून घ्यायचे, पण त्यांनी कधी काही म्हटलं नाही. मला त्या वर्षी जिऑग्रफीच्या जीसीएसईसाठी, म्हणजे इथल्या दहावीसाठी, कोर्सवर्क करायचं होतं. एखादी वस्ती घ्यायची आणि तिचं काम काळाप्रमाणे कसं बदललं ते लिहायचं. वर्गातल्या सगळ्यांनी स्लाऊच घेतलं होतं. मी दानुताचं बंदर घेतलं.

त्या गावाचं नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही. त्यात तीन-चार व्यंजनं एकमेकांना चिकटून बसली आहेत. मी म्हणायचा प्रयत्न केला की दानुता हसून डोळे पुसायची, म्हणून आमच्या घरात ते गाव दानुताचं बंदर म्हणूनच राहिलं. बाल्टिक समुद्राच्या काठावर, एका बाजूला पाइनचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या. समुद्रात शिरलेल्या दोन दगडी भिंती, एकीच्या टोकाला लाल दिवा आणि दुसरीच्या टोकाला हिरवा. दोन्हींच्या मधून आत यायचं. वादळ झालं की त्या तोंडाशी वाळू साठते आणि ती उपसायला ड्रेजर येईपर्यंत मोठ्या बोटी अडकून पडतात. आत धक्का, धक्क्यावर बर्फाचा कारखाना, जिथून बर्फ एका पन्हळीतून सरळ बोटीत पडतो. लिलावाचा हॉल, डिझेलची टाकी, बोट पाण्याबाहेर ओढायचा उतार आणि त्याच्या डोक्यावर गंजलेली चरखी. विटांच्या शेड, प्रत्येक नाखव्याची एक, त्यात जाळी आणि बादल्या आणि भिंतीवर खडूने लिहिलेली मुलांची उंची. मासे धुरी देऊन टिकवायचं घर, ज्याचा वास दानुताच्या म्हणण्याप्रमाणे गावाच्या आधी लागतो. आणि चर्च, जिथे छताला दोरीने एक लाकडी जहाज टांगलंय. ती हे सगळं इंग्रजीत सांगताना अडायची, मग टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून दाखवायची. आई शेंगदाणे सोलत ऐकायची आणि मधेच विचारायची, लिलाव कोण पुकारतं, बायका बसतात का, बर्फ नसेल तेव्हा काय करता. असले प्रश्न मला सुचले नसते.

मी दानुताला इतिहास विचारला. युद्धाच्या आधी तिथे जर्मन राहायचे, ती म्हणाली. त्या भिंती, तो दिवा, ते चर्च सगळं त्यांनी बांधलेलं. युद्ध संपलं आणि त्यांना जावं लागलं. मग पूर्वेकडून दुसऱ्या लोकांना आणून तिथे वसवलं, त्यांचीही गावं गेलेली. तिची आजी आगगाडीतून एक गाय घेऊन आली. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिला मिळालेल्या घरात कपाटात दुसऱ्या कोणाच्या बशा होत्या, टेबलावर दुसऱ्या कोणाचा कप. कित्येक वर्षं आजी त्या बशांत जेवली नाही, कारण कधीतरी त्या बाईला परत यावंसं वाटेल. पण मुलं होड्यांवर गेली आणि शेतकऱ्यांचे कोळी झाले. सरकारी कंपनी आली, बोटी वाढल्या, बायकांना मासे साफ करायच्या हॉलमध्ये काम मिळालं. दानुता शाळेतून सरळ तिथेच गेली. मग ती कंपनी बंद पडली. आणि आता मासेच कमी धरायचे असा नियम आला, म्हणून बोट मोडून टाकणाऱ्याला भरपाई मिळत होती. तिने स्वतः पाहिलं होतं, त्या उतारावर एकेक बोट ओढून आणायची आणि खोदायचं मशीन लावून चिरडायची. मालक लांब उभे राहून सिगारेट ओढायचे. तिचा नवरा मारेक आणि त्याचा भाऊ लेशेक यांनी आपली बोट द्यायला नकार दिला. निळ्या रंगाची, लाकडी, त्यांच्या वडिलांची. पण तिचं इंजिन थकलं होतं, म्हणून नव्या इंजिनाचे पैसे कमवायला दानुता स्लाऊला आली होती.

हल्ली मी कधीतरी त्या बंदराचं पान काँप्युटरवर उघडते. सुंदर फोटो आहेत. यॉट लावायला नवीन लाकडी धक्का, वीज, पाणी, गरम पाण्याचे शॉवर, कपडे धुवायचं मशीन, सायकली भाड्याने. बर्फाच्या कारखान्याच्या जागी हॉटेल दिसतं. इतिहास दोन ओळींत आहे. दोन ओळींत तो बसतोही, वाचणाऱ्याला काही अडत नाही.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मची सुट्टी होती. आईही घरी होती. आदल्या रात्री इथेही वारा होता आणि कुंपणाची एक फळी पडली होती. आई फोडणीला लसूण ठेचत होती आणि मी जेवणाची ताटं घेत होते. हॉलमधला फोन वाजला. एजन्सीचा असेल म्हणून मी धावत जाऊन घेतला. एका तरुण माणसाचा आवाज होता, इंग्रजी आयरिश वळणाचं, आयर्लंडमध्ये काम करून गावी परतलेला कोणी असावा. तो म्हणाला, मी दानुताच्या बंदरातून बोलतोय, तिचा मोबाइल लागत नाही. शिफ्टवर असताना तिचा मोबाइल लॉकरमध्ये असायचा. मी तसं सांगितलं. मग त्याने सांगितलं की मारेकची बोट पहाटे आली नाही. लेशेक पाण्यात सापडला, जिवंत आहे, हॉस्पिटलमध्ये आहे. मारेकला शोधतायत. मग त्याने मला बजावलं की तिला काही सांगू नकोस, कामावरून आली की फक्त घरी फोन करायला सांग. तिला आल्यावर शांतपणे कळू दे.

मी स्वयंपाकघरात येऊन आईला सांगितलं. आईने गॅस बंद केला. लसणाचा हात तसाच पदराला पुसला आणि तिने विचारलं, शिफ्ट कधी सुटते. तीन वाजता, मी म्हटलं. आमचं बोलणं ऐकून बाबा बाहेर आले. त्यांनी सगळं समजून घेतलं आणि ते जे बोलले ते समंजसपणाचंच होतं. फॅक्टरीत फोन केला तर सुपरवायझर काय सांगेल, कसं सांगेल कोण जाणे. तिथे अनोळखी माणसांत कळण्यापेक्षा घरी येऊ दे. तोवर कदाचित तो सापडेलही. काही तासांचाच प्रश्न आहे.

"नाही," आई म्हणाली. बाबांना ती अशी कधी नाही म्हणत नसे. "अहो, तिच्या नवऱ्याचं आहे. आपल्या तिघांना माहीत आहे, तिच्या गावाला माहीत आहे, आणि ती तिकडे काकड्या लावत उभी आहे. हे चालायचं नाही." आणि तिने कोट घेतला. बाबा म्हणाले गाडी काढतो, थांब, आधी विचार करू. ती थांबली नाही. घरातल्या सपाता तिच्या पायात होत्या, त्याच घालून ती दाराबाहेर पडली आणि मी तिच्यामागे पळाले.

ट्रेडिंग इस्टेट आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. वाटेत गोदामं, टायरची दुकानं, बंद शटर. वारा समोरून येत होता. आई भराभर चालत होती आणि चालता चालता बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, आणि तिच्या नेहमीच्या पुणेरी मराठीतून ती हळूहळू दुसऱ्याच बोलीत सरकत गेली, तिच्या लहानपणीच्या. काही शब्द मला कळलेही नाहीत. आजोबा, म्हणजे आईचे वडील, तापाने गेले, असं मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. ते तापाने गेले नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक छोटं बंदर. आजोबांची होडी होती. आई चौथीत होती आणि त्या दिवशी शाळा नव्हती म्हणून किनाऱ्यावर होड्यांची वाट बघत उभी होती. बाकीच्या होड्या आल्या, आजोबांची आली नाही. एका होडीतून त्यांचे दोन खलाशी उतरले, दुसऱ्यांच्या कपड्यांत. ते पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बोलले आणि आई तिथेच, त्यांच्या कमरेइतक्या उंचीची, उभी होती. तिने सगळं ऐकलं. होडी उलटली, नाखवा हाती लागला नाही. मग आजोबांच्या एका मित्राने तिला पाहिलं. तो खाली बसला आणि तिचे खांदे धरून म्हणाला, पोरी, आईला आत्ता काही बोलू नको, तिचा माल विकून होऊ दे, मग आम्ही बघतो. आजी तेव्हा बाजारात होती, दुसऱ्या होडीचे मासे घेऊन विकायला बसलेली. आई जाऊन तिच्या शेजारी बसली. हळूहळू बातमी आजूबाजूच्या बायकांपर्यंत पोचली. एकेक गप्प झाली. गिऱ्हाइकं आली ती घासाघीस न करता घेऊन जायला लागली. "कोणी भाव केला नाही गं," आई मला म्हणाली. "आई सांगेल तो भाव. तिथे कधी असं झालं नव्हतं. सगळा बाजार गप्प, आणि ती एकटी ओरडतेय, घ्या ताजे, घ्या ताजे. आणि मी तिच्या मांडीला मांडी लावून बसलेय."

टोपली रिकामी झाल्यावर त्यांनी आजीला सांगितलं. काही महिन्यांनी आजी आईला घेऊन पुण्याला भावाकडे आली आणि एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. समुद्राकडे परत गेली नाही. त्या दिवसाबद्दल तिने पुन्हा कधी शब्द काढला नाही आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ आईने आपल्या परीने लावला होता. सगळ्यांनी आजीला फसवलं आणि त्या सगळ्यांत आपणही होतो, असा. आईचं एवढं सांगून झालं तोवर आम्ही फॅक्टरीच्या गेटशी आलो होतो.

गेटवर एक वयस्क सरदारजी होते. त्यांनी सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरचं म्हणणं होतं की लाइन चालू आहे, थोड्या वेळाने ब्रेक आहे, तोवर थांबा. आईने सरदारजींच्या हातातून फोन मागून घेतला. मी पुढे झाले, कारण असं बोलायचं असेल तर नेहमी मीच बोलायची. तिने मला हातानेच मागे सारलं आणि तिच्या डिनर लेडीच्या इंग्रजीत, शाळेतल्या दंगेखोर मुलाला सांगावं तसं, सांगितलं की फॅमिलीत इमर्जन्सी आहे, दानुताला आत्ता बाहेर पाठवा. आत्ता. आवाज चढवला नाही.

दानुता आली ती पांढऱ्या कोटात, डोक्यावर निळी जाळी, पायात रबरी बूट. आम्हाला दोघींना बघितल्यावर तिची पावलं मंदावली. आईच्या पायांतल्या घरातल्या सपाता तिने बघितल्या असाव्यात. आईने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले आणि एका दमात, जसं आहे तसं सांगितलं.

"दानुता. बोट आली नाही. लेशेक सापडलाय, जिवंत आहे. मारेक अजून सापडला नाही. शोधतायत."

 गाड्या लावायच्या जागेच्या कडेच्या दगडावर दानुता खाली बसली, आईचे हात धरूनच, त्यामुळे आईलाही वाकून बसावं लागलं. मग तिने मला विचारलं की फोन करणारा नक्की काय म्हणाला, शब्दन् शब्द सांग. मी सांगितलं. पहाटेपासून, ती म्हणाली, म्हणजे गावाला सकाळपासून माहीत आहे. मी मान हलवली. तिने डोक्यावरची जाळी काढली आणि कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवली. मला वाटतं, पुढे काय करायचं हे हातांना कळत नव्हतं म्हणून.

तेवढ्यात आमची गाडी गेटशी येऊन थांबली. बाबा होते. इस्त्रीच्या शर्टावर स्वेटर उलटा घातलेला. आम्ही निघाल्यावर त्यांनी काँप्युटरवर विमानं शोधली होती. ल्यूटनहून संध्याकाळी एक होतं आणि त्याच्या पुढचं थेट परवा. त्यांनी आपल्याच कार्डवर तिकीट काढलं होतं, कोणाला न विचारता. दानुतासाठी गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं. ती आत बसताना त्यांनी इंग्रजीत काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण ते वाक्य पुरं झालं नाही. घरी येऊन आईने तिची बॅग भरली, तिला बळेबळे चहा पाजला आणि बाबा तिला विमानतळावर घेऊन गेले. बाबा परत आले तेव्हा फोडणीचा लसूण खलबत्त्यात तसाच होता. कोणी जेवलं नव्हतं.

मारेक सापडला नाही. लेशेकनेच काही दिवसांनी फोन करून सांगितलं, किंवा त्याच्यासाठी त्या आयरिश वळणाच्या मुलाने सांगितलं. थकलेलं इंजिन बंद पडलं होतं, लाटेला बोट आडवी झाली होती. त्या हिवाळ्यात वरच्या खोलीत दानुताच्या वस्तू तशाच राहिल्या. शनिवारी आई अंगणात गेली नाही. बाबांना डिसेंबरमध्ये काम मिळालं, लेस्टरला, आठवडाभर तिकडे राहायचं आणि शुक्रवारी यायचं. त्यामुळे घर आणखीनच शांत झालं. आईला मी पुन्हा काही विचारलं नाही. ती मुलांना जेवण वाढून यायची, भाजी चिरायची आणि कधीकधी सुरी हातात धरून नुसती उभी राहायची.

वसंतात दानुता सामान न्यायला आली. ती आता तिकडेच राहणार होती, लेशेकच्या मुलांजवळ. बारीक झाली होती. स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसली, पण रेडिएटरवर पाय टेकले नाहीत.  मग तिने मला आईला नीट सांगायला सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्या संध्याकाळच्या विमानाने ती गेली, पहाटे बंदरात पोचली आणि भिंतीच्या टोकाला, लाल दिव्याखाली उभी राहिली. गावातल्या सगळ्या बोटी शोधायला बाहेर पडल्या होत्या. त्या एकेक करून तिच्या समोरून आत आल्या आणि प्रत्येक बोटीवरच्या माणसाने तिच्याकडे बघून टोपी काढली. दिवस मावळताना शोध थांबवला. "शेवटची बोट आत आली तेव्हा मी तिथे होते," ती म्हणाली. "मी नसते, तर मला आयुष्यभर वाटलं असतं की ते लवकर थांबले." मी ते मराठीत सांगितलं. आईने तिच्या हातावर हात ठेवला. दोघी तशाच बसल्या आणि मी चहा गाळला.

पुढच्या रविवारी आईने पुण्याला आजीला फोन लावला. आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असायचा. मी समोर बसून इतिहासाचं पुस्तक चाळत होते. हवापाणी झालं, गुडघे झाले. मग आईने, कसलीही प्रस्तावना न करता, तीस वर्षांत न काढलेला तो दिवस काढला. किनाऱ्यावर मी होते, ती म्हणाली. बाबांची होडी उलटली ते मी ऐकलं होतं. तुला सांगू नको असं ते लोक मला म्हणाले, म्हणून मी तुझ्याशेजारी बसून राहिले आणि तू ओरडत होतीस. मला माहीत होतं, आई.

पलीकडून बराच वेळ नुसता पुण्याच्या रस्त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं आजीला ऐकूच आलं नाही.

"मला ठाऊक होतं," आजी म्हणाली. "तू येऊन बसलीस, तुझं तोंड बघितलं, तेव्हाच कळलं मला. आणि कोणी भाव करेना."

 आजी सावकाश बोलत होती, निवडलेले तांदूळ एकीकडे सारावेत तशी. "मी उठले असते तर खरं झालं असतं. टोपलीत मासे होते तोवर मी बसू शकत होते. तू काही बोलली नाहीस म्हणून मला तेवढा वेळ मिळाला बघ. तेवढाच मिळाला."

आई म्हणाली, मग गाव का सोडलंस. मला वाटायचं, त्यांच्यावर रागावून.

"कोणावर रागवायचं," आजी म्हणाली. "दारातून पाणी दिसायचं रोज."

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई थकली आहे आणि त्या दिवसाबद्दल विचारलं तर सांगते, कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या. दानुताला लगेच सांगितलं ते बरोबर होतं असं ती ठामपणे म्हणते. मग जरा वेळाने म्हणते, पण दानुताने आपणहून विचारलं नव्हतं ना. मला यातलं काय खरं ते ठरवता आलेलं नाही आणि मी ठरवायचं सोडून दिलं आहे.

त्या रविवारी आई फोनसमोर ताठ बसली होती, दोन्ही तळवे टेबलावर पालथे. छपरावरून एक विमान गेलं आणि त्याचा आवाज विरेपर्यंत आजी थांबली. मग नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "जेवलात का?"

आई उत्तर देईना. मी पुस्तक बाजूला ठेवलं, फोनवर वाकले आणि म्हणाले, हो आजी, जेवलो.

आम्ही अजून जेवलो नव्हतो.